परमिटवर चार सह्या

[दृश्य: रबाळे स्टेशन, सकाळची पहिली पाळी]

ठाण्याहून सुटलेली लोकल ऐरोली, रबाळे, घणसोली करत तुर्भ्यापर्यंत येते आणि प्रत्येक स्टेशनावर थोडी रिकामी होते. काही जण काचेच्या इमारतींकडे वळतात. बाकीचे रिक्षा धरून महापे, पावण्याच्या गल्ल्यांत शिरतात. हा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा. रसायनं, औषधं, इंजिनीअरिंग.

[दृश्य: कारखान्याचं गेट]

गेटवर हेल्मेट, सेफ्टी शूज, सही. हेल्मेटचा पट्टा साहेब आले की लागतो, गेले की सुटतो. हवालदार दिसला की बाइकवाला करतो, अगदी तसंच. नियम आपला नाही, 'सेफ्टीवाल्यांचा' आहे. या माणसाला बेफिकीर म्हणून मोकळं होता येतं. पण वेल्डिंग अर्ध्या तासाचं आणि त्याच्या परमिटसाठी, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीसाठी, तासभर खोळंबा असेल, वर उशिराबद्दल बोलणी त्यालाच खावी लागणार असतील, तर तो काय करेल? घाईचा हिशोब त्याने मांडलेला नाही.

[दृश्य: रिअॅक्टरचं मॅनहोल, म्हणजे रसायनाच्या टाकीचं आत उतरायचं तोंड]

टाकी साफ करायला माणूस उतरवणं, हे इथलं सगळ्यात फसवं काम. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला, तर श्वसनयंत्राशिवाय आत जायचं नाही. आग लागू नये म्हणून टाकीत नायट्रोजन सोडलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही, घसाही खवखवत नाही. पुरेसा साचला असेल तर एक-दोन श्वासांत माणूस खाली. मग त्याला काढायला वरचा उतरतो, तसाच, मास्कशिवाय. टाकीच्या अपघातात अनेकदा एकाच्या जागी दोघं-तिघं जातात, ते यामुळे.

म्हणून मॅनहोलपाशी एक जण नुसता बसवायचा असतो. त्याने आत जायचं नाही. आतल्याशी बोलत राहायचं, उत्तर आलं नाही की ओरडायचं, बचाव पथक बोलवायचं. बाहेरून बघणाऱ्याला हा माणूस रिकामा वाटतो. "अरे, बसलायस काय, जरा पाना धर," अशी हाक येते, आणि तो उठतो.

[दृश्य: परमिटचा कागद]

या कागदावर चार-चार सह्या असतात. पहिल्याला वाटतं, दुसऱ्याने गॅस तपासला असेल. दुसऱ्याला वाटतं, पहिला बघून आला असेल. जबाबदारी वाटून घेता घेता अशी विरून जाते.

१९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात नवं प्रकरण आलं. जिवाला धोका वाटला तर धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराने व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावं, हा हक्क त्यात आला. सुरक्षा समितीत व्यवस्थापनाचे जेवढे, तेवढेच कामगारांचे प्रतिनिधी, हेही ठरलं.

[दृश्य: सुरक्षा दिनाचा कार्यक्रम]

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय इथेच, सीबीडी बेलापूरला. त्या दिवशी बिल्ले लागतात, शपथ होते. शपथ मनापासून घेणारेही असतात, नाही असं नाही.

पण टाकीत उतरणारा बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. "हवा तपासली का? नाहीतर मी उतरत नाही," असं म्हणण्याआधी त्याला उद्याच्या गेटपासचा विचार करावा लागतो. समितीत एक खुर्ची त्याची हवी. आणि तो नाही म्हणाला, तर त्या दिवसाची हजेरी कापायची नाही, एवढं ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्यायला हवं.