दारावरचा शहाणा म्हातारा

श्रोतेहो, नमस्कार.

सहाव्या शतकात, इटलीतील मॉन्टे कॅसिनो येथे मठ स्थापन करणाऱ्या संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची एक नियमावली लिहिली आणि तिचा पहिलाच शब्द ‘ऐक’ असा आहे. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला हा शब्द आवडला तर नवल नाही. मात्र ‘अंतःकरणाचा कान इकडे कर’ असे ते लगेच पुढे म्हणतात आणि ऐकणाऱ्याचे काम एकदम अवघड करून ठेवतात.

मठ, भिक्षू, संन्यास हे शब्द आपल्या नाशिककरांना परके नाहीत. कुंभमेळ्यातील आखाडे आपण पाहतो आणि त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या तर शाळेच्या सहलीपासून चढत आलो आहोत. तेथील दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात, विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, ठेवलेल्या २००० कार्षापण नाण्यांचा उल्लेख आहे. शेकडा एक या मासिक दराने येणाऱ्या व्याजातून पावसाळ्यात तेथे राहणाऱ्या वीस भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागावा, अशी ती व्यवस्था होती. डोंगरातल्या भिक्षूच्या अंगावरचे वस्त्र गावातल्या मागाशी असे जोडलेले होते. वैरागी माणूस जगाशी नाते तोडून बसलेला असतो, ही आपली समजूत हा हिशेब वाचला की थोडी डळमळते.

ख्रिस्ती मठपरंपरेचा उगम जेथे झाला त्या इजिप्तच्या वाळवंटातही हेच दिसते. चौथ्या शतकात नाईल नदीच्या पश्चिमेला, स्केटिस नावाच्या ओसाड प्रदेशात शेकडो एकांतवासी राहत, खजुरीच्या पात्यांच्या टोपल्या आणि दोर विणत, ते विकून पोट भरत आणि उरलेले गरिबांना देत. या सर्वांचे आद्य मानले गेलेले संत अँथनी यांचे म्हणणे असे होते की आपले जगणे आणि मरणे शेजाऱ्याच्या हाती आहे. भावाला जिंकले तर देवाला जिंकले. उमेदीची वर्षे निर्मनुष्य जागी काढलेल्या माणसाने शेजाऱ्याविषयी असे बोलावे, याचे मला फार आश्चर्य वाटत आले आहे.

त्याच स्केटिसमध्ये अब्बा मोशे राहत. ‘अब्बा’ म्हणजे बाबा. हे मोशे पूर्वायुष्यात गुलाम होते आणि नंतर दरोडेखोरांचे म्होरके झाले होते. एकदा तेथील एका तरुण मठवासीयाच्या हातून काही अपराध घडला, त्याचा न्याय करण्यासाठी वडीलधाऱ्यांची सभा बसली आणि मोशेंनाही बोलावणे गेले. ते येईनात. पुन्हा निरोप गेला, तेव्हा त्यांनी एक गळके भांडे घेतले, त्यात पाणी भरले आणि ते पाठीवर टाकून ते चालत निघाले. हे काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘माझी पापे माझ्या मागे गळत चालली आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याच्या चुकीचा निवाडा करायला आलो आहे.’ सभेने त्या तरुणाला एक शब्दही न बोलता क्षमा केली.

ही कथा मला लहानपणापासून पाठ आहे, आणि पाठ असण्याचा किती उपयोग होतो हेही आता ठाऊक झाले आहे.

मागे एकदा आमच्या सोसायटीची सभा भरली. ईस्टरच्या आधीचा आमचा ख्रिस्ती उपवासकाळ चालू होता. तो ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेतल्याला चार दिवसही झाले नव्हते. विषय होता रात्रपाळीचा वॉचमन ड्यूटीवर झोपतो हा, आणि पुरावा म्हणून जो फोटो सर्वांच्या मोबाईलवर फिरत होता, तो मी काढलेला होता. प्लास्टिकच्या खुर्चीत कलंडलेला माणूस, डोळ्यांपर्यंत ओढलेली कानटोपी, गळ्यात शिट्टी, पायाशी पुसून ठेवलेला स्टीलचा डबा. पहाटेचे साडेतीन वाजले होते, आणि फोटो काढताना त्याला जाग येऊ नये म्हणून मी फ्लॅश बंद ठेवला होता, एवढी माझी दया. ठराव एकमताने झाला, वहीवर माझीही सही आहे. तो माणूस दिवसा दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या पेट्या भरत होता आणि हंगाम संपेपर्यंत त्याला दोन्हीकडे तग धरायचा होता, हे मला नंतर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कळले. सभेत हे कोणीच विचारले नव्हते.

वाळवंटातील आणखी एक वडीलधारे, अब्बा पोएमेन, यांना काहींनी विचारले होते की प्रार्थनेच्या वेळी एखादा भाऊ डुलक्या घेताना दिसला तर त्याला चिमटा काढून जागे करावे काय. पोएमेन म्हणाले, ‘मी तर त्याचे डोके माझ्या मांडीवर घेतो आणि त्याला विसावू देतो.’ वॉचमनचे काम जागे राहण्याचेच आहे आणि सोसायटीच्या अडचणी खऱ्या असतात, हे मला मान्य आहे. पण झोपलेला माणूस दिसताच पोएमेन यांचा हात त्याच्या डोक्याकडे गेला आणि माझा खिशातल्या मोबाईलकडे गेला. हे दोन हात निरनिराळ्या सवयींनी घडले होते, आणि ही सवय लागते कशी, हे मला बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत सापडते.

तिच्यात करुणेचे गोडवे फारसे गायलेले नाहीत. कामे वाटून दिलेली आहेत. आठवडाभर स्वयंपाकघरात कोणी राबायचे, याची पाळी ठरलेली आहे आणि पाळी संपवणाऱ्याने आणि पाळी घेणाऱ्याने मिळून सर्वांचे पाय धुवायचे आहेत. आजाऱ्यांची शुश्रूषा सर्व गोष्टींच्या आधी. मठाच्या कोठाऱ्याने पळ्या-पातेल्यांकडे वेदीवरच्या पवित्र पात्रांप्रमाणे पाहावे आणि मागणाऱ्याला देण्यासारखे काही नसेल तेव्हा निदान चांगला शब्द द्यावा. रंजल्यागांजल्यांविषयीचा तुकोबांचा अभंग आपल्यालाही शाळेपासून पाठ आहेच. बेनेडिक्ट यांनी पाठांतरावर विसंबून न राहता आठवड्याची पाळी लावली, हा त्यांचा व्यवहारीपणा मला मोठा वाटतो.

माझे आवडते प्रकरण मात्र ६६ वे, दारावर बसणाऱ्या माणसाविषयीचे. मठाच्या दारावर एक शहाणा म्हातारा असावा, निरोप घेणे आणि उत्तर देणे त्याला जमावे, आणि वयाने तो इतका मुरलेला असावा की इकडेतिकडे भटकणार नाही. त्याची खोली दाराजवळच असावी. कोणी दार ठोठावले किंवा एखाद्या गरिबाने हाक मारली की त्याने तत्काळ ‘देवाचे आभार’ म्हणावे आणि पूर्ण सौम्यतेने, विलंब न लावता, उत्तर द्यावे. मदत हवी असेल तर त्याला हाताखाली एक तरुण भाऊ द्यावा. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. बाहेर कोण आहे, पाहुणा की भिकारी की भांडायला आलेला, हे कळण्याच्या आधी आभार मानायचे आहेत. आपण दाराच्या भिंगातून आधी पाहतो आणि मग चेहरा कसा ठेवायचा ते ठरवतो.

असे उघडे दार आपल्या नाशकातही एक होते. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले जेथे वाढली, ती मिशनची वस्ती तिथलीच. त्या वस्तीचे नाव तेवढे रस्त्याला राहिले आहे.

आमच्याकडे आता नवा वॉचमन आहे. तो आला त्याच दिवशी मी मुद्दाम खाली गेलो, हातात चहाचा कप होता, आणि शक्य तितक्या मऊ आवाजात त्याला विचारले, ‘दादा, दिवसा कुठे काम करता का?’ त्याने कप घेतला नाही. खुर्चीतून उठून उभा राहिला, शर्टाचे वरचे बटण लावले आणि म्हणाला, ‘कुठेच नाही साहेब. रात्री जागाच असतो मी.’