धून मनात धरा, मग पियानो ऐका

(दृश्य : समुद्राकडून दिसणारं ताजमहाल हॉटेल)

१९३०च्या दशकात टेडी वेदरफर्ड हा अमेरिकी जाझ पियानोवादक इथे, ताजमध्ये वाजवायचा. अशा जाझ बँडांच्या सहवासात गोव्याहून आलेले वादक तयार झाले. पुढे गोव्याचे कितीतरी वादक हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. १९७८मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात जाझ यात्रा हा महोत्सव भरला. म्हणजे मुंबईला हे संगीत परकं नाही. तरीही मैफलीनंतर हमखास ऐकू येतं : "सुरुवातीची धून छान होती, मग हे लोक कुठे गेले तेच कळलं नाही."

ते कुठेही गेलेले नसतात.

(दृश्य : पियानोच्या पट्ट्या, जवळून)

पियानो, डबल बास (माणसाएवढं उभं तंतुवाद्य), ड्रम्स : हा ट्रिओ, तिघांचा संच. एक धून, बहुतेकदा बत्तीस बारची; बार म्हणजे मात्रांचा छोटा गट, बहुधा चार मात्रांचा. ती एकदा वाजते आणि थांबते. पण तिच्याखालचे कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, त्याच क्रमाने फिरत राहतात, आवर्तनासारखे. ख्याल ऐकणाऱ्या कानाला हे सहज कळावं. फरक एवढाच, की इथे खाली तानपुऱ्याचा अचल षड्ज नाही. बार-दोन बारनी कॉर्ड बदलतो आणि आत्ता शोभलेला स्वर पुढच्या क्षणी खुपू शकतो. अशा बदलत्या कॉर्ड्सवर वादक त्याच क्षणी नवी धून रचत जातो; हा त्याचा सोलो. मला हे अचाट वाटतं.

अमेरिकी पियानोवादक बिल इव्हान्सच्या ट्रिओने डिसेंबर १९५९मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केलेलं 'ऑटम लीव्ह्ज' लावा. धून संपते आणि बासवादक स्कॉट लफारो नुसती साथ करत बसत नाही. तो एक तुकडा टाकतो, पियानो त्याला उत्तर देतो, पॉल मोशनचे ड्रम्स मध्येच बोलतात. उघड ठेका कुणीच धरत नाही. तो तिघांच्या मनात चालू असतो. मग बास चारही मात्रांवर चालू लागतो आणि अंग झुलू लागतं. इव्हान्सचा डावा हात ऐका : मोजके स्वर, बऱ्याचदा कॉर्डचा मूळ स्वरच गाळलेला. तो बाससाठी सोडलेला असतो.

पहिल्यांदा पियानो विसरून फक्त बास ऐका. नंतर सोलो चालू असतानाही मूळ धून मनात गुणगुणत राहा. बत्तिसावा बार संपून पहिला आला, हे एकदा कळलं की मान आपोआप हलते. आणि मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात एखादा ट्रिओ असला, तर वादकांचे डोळे दिसतील अशी जागा धरा. सोलो आटोपता घेताना पियानोवादक बासवाल्याकडे कसा बघतो, ते रेकॉर्डवर ऐकू येत नाही.