खालच्या फळीवरची पुस्तकं

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचं कार्यकारी मंडळ आणि समोर बसलेले आई-बाबा, आजी-आजोबा,

अशा कार्यक्रमात वक्त्यानं मोबाइलच्या नावानं बोटं मोडायची, हा आता रिवाजच झालाय. मी तो पाळणार नाही. मोबाइल नव्हता तेव्हाही वर्गातली सगळी मुलं वाचत नव्हतीच. थोडी वाचायची. त्या थोड्यांना हे वेड लागलं कुठून, याचं मला कुतूहल. माझी सगळी नोकरी तालुक्याच्या वाचनालयात काउंटरमागे गेली, त्यामुळे ही लागण होताना जवळून बघायला मिळाली.

सुरुवात कानापासून होते. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ उघडून बघा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते लिहून काढलं. त्यातल्या प्रकरणांना नावच ‘रात्र’: रात्र पहिली, रात्र दुसरी. आश्रमात श्याम सांगतोय, मित्र ऐकताहेत, आणि पुढच्यासाठी उद्याची वाट बघायची. मराठी मुलांच्या पिढ्या ज्या पुस्तकावर रडल्या, त्याची बांधणीच मुळी ऐकण्याची आहे. घरात कुणी रोज रात्री मोठ्यानं वाचत असेल आणि ऐन रंगात ‘चला, झोपा आता’ म्हणून पुस्तक मिटत असेल, तर मूल दुसऱ्या दिवशी आपण होऊन ते पान शोधतं. अक्षरं जेमतेम लागत असली तरी शोधतं. रोज नवी गोष्ट आणायची कुठून, असं पालक विचारतात. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय. त्याच्या जुन्या अंकांतच पुरून उरेल एवढं सापडेल.

वाट बघायला लावण्यात ‘चांदोबा’चा हात कुणी धरला नसेल. मद्रासहून निघणारं हे मासिक १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं आणि काही वर्षांत मराठीत आलं. खांद्यावर प्रेत, हातात तलवार घेतलेला विक्रम. तो उत्तर देतो, त्याचं मौन मोडतं, वेताळ पुन्हा झाडावर! गोष्ट संपली तरी पुढच्या महिन्याची सोय झालेली. चित्रांतला थाट सगळा दाक्षिणात्य. आमच्या गावातल्या पोरांनी गोपुर कधी पाहिलेलं नसायचं, पण विक्रमाचं राज्य असंच दिसणार याबद्दल एकालाही शंका नव्हती.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र अगदी जवळचा. शिकायला पुण्याला, विद्याभवनात, गाव फुरसुंगी. एकदा चौथी-पाचवीतला एक मुलगा काउंटरवर पुस्तक ठेवून म्हणाला, ‘काका, हे गाव खरंच आहे?’ म्हटलं, आहे की, हडपसरच्या पलीकडे. त्यानं पुस्तक परत ओढून घेतलं आणि तिथंच उभ्यानं वाचायला लागला. मागे लोक खोळंबले, तरी हलेना. एक पाय दुसऱ्या पायावर घासत पहिलं प्रकरण संपवलं आणि मान वर करून विचारलं, ‘याची अजून आहेत?’ ग्रंथपालाला याहून गोड प्रश्न ऐकायला मिळत नाही हो.

आता मंडळाला जरा खटकेल असं बोलतो. बालविभागातलं आपलं कपाट काचेचं आहे, त्याला कुलूप आहे, आणि किल्ली ड्रॉवरमध्ये. कारण मला पाठ आहे: पुस्तक हरवलं तर हिशोब ग्रंथपालाला द्यावा लागतो, दाखल रजिस्टरशी आकडा जुळवावा लागतो. पण काचेतून पुस्तक चाळता येत नाही. लहान मुलाला हव्या त्या पुस्तकाचं नाव माहीतच नसतं. ते चित्र बघतं, जाडी बघतं, अक्षर केवढं आहे ते बघतं, चार पुस्तकं खाली पाडतं आणि पाचवं घेतं. महाबळेश्वरजवळच्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. लोकांनी राहत्या घरांत पुस्तकं मांडू दिली; कुणीही जावं, हवं ते उचलावं, बसून वाचावं. एक अख्खं गाव घरं उघडी ठेवू शकतं, तर आपल्याला एक कपाट उघडं ठेवायला काय हरकत आहे?

आणि पालकहो, वाचून झाल्यावर ‘काय बोध घेतलास?’ असं विचारू नका. दहा ओळींचा सारांश तर मुळीच लिहून घेऊ नका. पोर पुढचं पुस्तक मागणारच नाही. भुताच्या गोष्टी, हेरकथा, विनोदाच्या चोपड्या, काय हवं ते वाचू द्या. आपण सगळे तिथूनच आलोय. मुलाखतीत आवडती पुस्तकं विचारली की वेगळी नावं सांगतो, एवढंच.

मंडळाकडे एक मागणं आहे. दरवर्षी फाटकी पुस्तकं बाद करता, ती तशीच रद्दीत घालू नका. पाठीला चिकटपट्ट्या लावलेली, कोपरे झिजलेली, मधली पानं सुटलेली पुस्तकं कोणती, ते आधी लिहून काढा आणि यंदाच्या खरेदीत त्यांच्याच दोन-दोन प्रती घ्या. देणगीत आलेले चरित्रमालांचे कोरे करकरीत संच वरच्या फळीवर जाऊ द्या. खालची फळी, पाच वर्षांच्या मुलाचा हात पोचतो ती, या नव्या प्रतींसाठी ठेवा.