ते सोनं मी ब्लोअरनं उडवलं

(अमेरिकेतल्या आमच्या मंडळाच्या शरद मेळाव्यात बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मंडळींसमोर केलेलं भाषण, जरा नीटनेटकं करून.)

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे घरात माझ्याशी धड कोणी बोलत नाही. त्यामुळे अध्यक्षांनी माईक हातात दिला तेव्हा मला जरा जास्तच आनंद झाला.

झालं असं, की एका शनिवारी सकाळी मी पानं काढायला बाहेर पडलो. शेजाऱ्याचं अंगण चकचकीत, आपलं तसंच. बेळगावकराची अब्रू ती काय राहिली? ड्राइव्हवेवर पानं चिकटून बसली होती, हलेनात. ओली असतील म्हणून ब्लोअर दोन नंबरवर टाकला. पाच मिनिटांत सगळं साफ. नंतर तपकिरी कागदी पिशव्यांत ठासून भरलं आणि वर पाय देऊन दाबलं.

ती पानं आमच्या धाकटीनं आदल्या संध्याकाळी मांडली होती. वय वर्षं दहा. मध्ये काळपट लाल, त्याभोवती केशरी, मग पिवळा, आणि कडेला अजून न पिकलेली हिरवी पानं. उडू नयेत म्हणून एकेक पान फवाऱ्याच्या बाटलीनं ओलं करून बसवलेलं. शाळेत त्यांना अँडी गोल्ड्सवर्दी या शिल्पकाराचं काम दाखवलं होतं. तो असाच पानं, काट्या, बर्फ यांच्यातून काहीतरी मांडतो, फोटो काढतो आणि वाऱ्यावर सोडून देतो. (जन्म 1956चा. हे साल ऐकल्यावर आपल्यापैकी निम्मे लोक खुर्चीत सावरून बसले, मला दिसलं.)

ती रडली नाही. पिशवीकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमच्या गावात पान दिलं की सोनं म्हणतात. मी सोनं मांडलं तर तू कचऱ्यात भरलंस."

मी काय म्हणालो? चिडून कन्नडमध्ये म्हणालो, "साकू!" म्हणजे 'पुरे!'

त्यावरही तिच्याकडे उत्तर होतं. पानातला पिवळा रंग म्हणे उन्हाळाभर तिथंच असतो, हिरवा त्याला झाकून ठेवतो. दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या की हिरवा विरघळतो आणि पिवळा दिसायला लागतो. "तुझं कन्नड तसंच आहे. रागावलास की मराठी गळून पडते." बायको आत हसत होती. तिचं माहेर निपाणी, त्यामुळे तिला हे नेमकं कळलं.

मेपलचा लाल मात्र आधीपासून नसतो. तो पान गळायच्या आधी नव्यानं तयार होतो. हे ऐकल्यावर मला जांबोटीचा रस्ता आठवला. मार्चमध्ये, परीक्षा तोंडावर असताना, कणकुंबीकडे सायकली हाणत जायचो आपण. तेव्हा कोशिंबाला लालभडक पालवी असायची. लांबून वाटायचं, झाडच पेटलंय. आपल्याकडे पान लाल होऊन जन्माला येतं आणि मग हिरवं होतं. इथं सगळं उलटं. ते बघायला आपण न्यू हॅम्पशायरमधल्या कँकामॅगस हायवेवर तीन तास ट्रॅफिकमध्ये अडकतो, गाडीत बसून थालीपीठ खातो, फोटो काढतो, आणि घरी आल्यावर तेच पान ब्लोअरनं उडवतो.

आता थोडं तुम्हालाही बोलतो, रागावू नका. यंदाच्या दसऱ्याला याच हॉलमध्ये आपण एकमेकांना सोनेरी पुठ्ठ्याची पानं दिली. प्लास्टिकच्या पाकिटात, वर मंडळाचा लोगो. जेवायला पळसाच्या पानाचं चित्र छापलेल्या थर्माकोलच्या थाळ्या. बाहेर पार्किंगमध्ये मेपल पेटलेला. आत मी स्टेजवर सीमोल्लंघनाचं महत्त्व सांगत होतो. मी! हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या शिनोळीत चहा प्यायला गेलो की ज्याचं सीमोल्लंघन व्हायचं, तो.

आणि तिकडचं सोनं तरी कुठं शंभर नंबरी होतं? कांचनाच्या फांद्या ओरबाडून आपट्याच्या म्हणून विकायच्या, अन् दुसऱ्या दिवशी गणपत गल्लीत तीच पानं चपलांखाली. ते आपण तेव्हा चालवून घेतलं. आईनं 'घे रे सोनं' म्हटलं की झालं, झाडाचं नाव कोण विचारतंय.

तर आमच्या भांडणाचं पुढं काय झालं? माफी मागितली. मिळाली नाही. परवा आईला व्हिडिओ कॉल केला, तर धाकटीनं तिला ॲटलासमध्ये दाबून ठेवलेली दोन पानं दाखवली. एक तीन वर्षांपूर्वी आजीनंच दिलेलं आपट्याचं, आता चहासारखं तपकिरी. दुसरं आमच्या कोपऱ्यावरच्या गिंकोच्या झाडाचं. तेही मध्ये चिरलेलं, दोन पाळ्यांचं, आणि पिवळंधमक. आई चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "बघूया की. अगं, हेच तर खरं सोन्यासारखं दिसतंय!"

झालं. तेव्हापासून धाकटीचं ठरलंय. पुढच्या दसऱ्याला पुठ्ठा नाही. ती पिशवीभर गिंकोची पानं घेऊन या हॉलच्या दारात उभी राहणार, मोठ्यांच्या पाया पडणार आणि म्हणणार, "सोनं घ्या." तुमच्यापैकी कोण हात पुढं करेल, कोण 'हे आपट्याचं नव्हे' म्हणून हसेल, मला अंदाज येत नाही. तिच्या मराठीला लोक हसतात, तेव्हा तिचं तोंड कसं होतं ते मी बघितलंय.

आणखी एक अडचण आहे. दसरा कितीही उशिरा आला तरी ऑक्टोबर ओलांडत नाही. कोपऱ्यावरचा आमचा गिंको नोव्हेंबर उजाडल्याशिवाय पिवळा होत नाही. दसऱ्याला तो हिरवागार असतो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.