पुन्हा फॉरमॅट करण्याआधी

नमस्कार. तुमच्यातले बरेच जण आज पहिल्यांदाच लिनक्स टाकताय. पॅकेजची, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याची, एरर आली की नवा माणूस घाबरतो आणि सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. दोन तास जातात आणि तीच एरर परत येते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आज त्यावरच बोलायचं ठरवलं.

लिनक्सचा प्रकार उबुंटू असो की डेबियन, पॅकेज बसवायचं काम एपीटी आणि डीपीकेजी हे दोन प्रोग्राम मिळून करतात. एपीटी पॅकेज आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजं शोधून उतरवून घेतो, डीपीकेजी ती बसवतो. एरर कुणाची आहे हे कळलं की निम्मं काम झालं. ओळीच्या सुरुवातीला डब्ल्यू असेल तर तो इशारा, ई असेल तर काम अडलंय. आणि शेवटच्या ओळीवर थांबू नका. ती बहुतेकदा कुठल्या पॅकेजवर अडलं एवढंच सांगते. का अडलं ते वर असतं, तिथपर्यंत स्क्रोल करा. डेबियनचा इन्स्टॉलर मध्येच लाल पडदा दाखवून थांबला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ4 एकत्र दाबा. मागे चाललेला सगळा लॉग समोर येतो.

मागे एका वाचनालयातला जुना डेस्कटॉप घेतला होता. उबुंटू पेन ड्राइव्हवरून नीट बसलं, पण पहिल्याच अपडेटला एरर: रिलीज फाइल 'नॉट व्हॅलिड येट', म्हणजे अजून लागूच झालेली नाही. तिथल्या मुलानं सर्व्हर बदलून पाहिला, पेन ड्राइव्ह पुन्हा बनवला. मी त्याला स्क्रीनवरची तारीख बघायला सांगितली. ती कित्येक महिने मागची होती! मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला, आणि तिथल्या नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळत नव्हतं. ही रिलीज फाइल पॅकेजांच्या यादीची असते आणि तिच्यावर ती कधी तयार झाली ती तारीख असते. मशीनच्या लेखी ती यादी भविष्यातली होती. वेळ हातानं लावली, अपडेट झालं. नंतर सीआर2032 सेल बदलला.

दुसरी नेहमीची एरर लॉकची. उबुंटू नवीन बसलं की सुरक्षेची अपडेट्स मागच्या मागे सुरू होतात. त्याच वेळी तुम्ही काही बसवायला गेलात तर 'कुड नॉट गेट लॉक' येतं. हल्लीच्या आवृत्त्यांत त्याच ओळीत लॉक कुठल्या प्रोसेसकडे आहे तेही लिहिलेलं असतं. तिथे अनअटेन्डेड अपग्रेडचं, म्हणजे त्याच आपोआप चालणाऱ्या अपडेटचं, नाव दिसलं तर चहा घेऊन या. लॉकची फाइल उडवा, असा सल्ला तुम्हाला इंटरनेटवर ठिकठिकाणी मिळेल. कृपा करून तो ऐकू नका. दोन प्रोग्राम एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदी बदलू नयेत म्हणून ते कुलूप आहे.

'अनमेट डिपेन्डन्सीज', म्हणजे लागणारी बाकीची पॅकेजं जुळत नाहीत, असं दिसलं तर आधी आठवा, कुठून तरी एखादी ओळ कॉपी करून सोर्सच्या यादीत, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत, घातली होती का? उबुंटूची 22.04 आवृत्ती म्हणजे जॅमी, 24.04 म्हणजे नोबल. नोबलवर जॅमीची ओळ घातली की पॅकेजं एकमेकांशी जुळत नाहीत. ती ओळ काढा, अपडेट करा, मग पुढे जा.

'हॅश सम मिसमॅच' म्हणजे उतरवलेली फाइल यादीतल्या नोंदीशी जुळत नाही. थोड्या वेळानं परत अपडेट करा, नाहीतर मिरर, म्हणजे तीच पॅकेजं ठेवणारा सर्व्हर, बदला.

आणि आपल्याकडचं हमखास कारण, लाइट जाणं. डीपीकेजी आधी पॅकेज उलगडतो आणि मग कॉन्फिगर करतो. मध्येच वीज गेली की पॅकेज अर्धवट लटकतं. मशीन चालू झाल्यावर टर्मिनलमध्ये सुडो डीपीकेजी लिहा, जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून कॉन्फिगर, पुन्हा जागा सोडून एक रेघ आणि लहान ए. अडकलेलं काम तो तिथूनच पुढे नेतो. त्यानंतरही काही राहिलं तर ती स्क्रीन तशीच ठेवून मला हाक मारा, बंद करू नका.