स्लॅबच्या पोटातला गंज

(दृश्य: मुंबईतली जुनी इमारत. गॅलरीच्या छताचा गिलावा सुटलाय, सळई उघडी पडलीय.)

नखाने नुसतं खरवडलं, तरी या सळईचे पापुद्रे हातात येतात. सगळे म्हणणार, पाणी झिरपलं. ते अर्धंच खरं. चांगल्या काँक्रीटमधलं लोखंड नुसत्या ओलीने सहसा गंजत नाही.

कारण काँक्रीटच्या आतल्या ओलाव्याचा पीएच असतो १२ ते १३, म्हणजे तो चांगलाच अल्कधर्मी. तिथे सळईवर ऑक्साइडचा थर धरतो, डोळ्यांना न दिसण्याइतका पातळ. तोच तिचं चिलखत.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, पीएच ९च्या आसपास उतरतो आणि चिलखत गळून पडतं. किनाऱ्यावर त्याहून वाईट मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर ते येतंच. खाडीची रेती न धुता वापरली असेल, तर पहिल्या दिवसापासून आतच असतं.

गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते. ती तो काँक्रीट फोडून घेतो. म्हणून तडा नेमका सळईच्या रेषेत जातो.

(दृश्य: नव्या स्लॅबचं सेंटरिंग, सळयांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे.)

किनारी हवेत उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवं. साइटवर ब्लॉकऐवजी खडी सरकवतात, माल ओतताना माणसं जाळीवरून चालतात, सळई सेंटरिंगच्या प्लायला टेकते. कसलं कव्हर नि कसलं काय!

दुरुस्तीत आणखी एक मेख आहे. गंजणारी सळई स्वतः झिजून शेजारच्या भागाला वाचवत असते. तेवढ्याच तुकड्यात नवा माल भरला, की तो भाग सुरक्षित होतो आणि खारट जुन्या काँक्रीटमधला शेजारी गंजू लागतो. दोन-चार पावसाळ्यांत ठिगळाच्या कडेनेच पोपडे सुटतात, आणि शिव्या खातो माल.

यावर उपाय म्हणजे खारट काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत तोडायचं, सळई चहूबाजूंनी घासायची, ठिगळाच्या कडेला जस्ताचा अ‍ॅनोड सळईला बांधायचा. ट्रॉलरच्या पंख्याजवळ लावतात, तेच हे जस्त. लोखंडाऐवजी ते झिजतं. वरची गळती मात्र आधी बंद करायला हवी.

आणि माल भरण्याआधी सोसायटीतल्या कुणीतरी परांचीवर चढून सळईची मागची बाजू बघावी. घासलेली असते ती बहुतेक वेळा पुढचीच.