६७१ रुग्णालयं आणि न जुळलेले सहा मृत्यू

२२ मे २०२०. 'द लॅन्सेट'मध्ये एक शोधनिबंध आला. सहा खंड, ६७१ रुग्णालयं, ९६ हजार ३२ रुग्ण. निष्कर्ष असा: कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं तर फायदा दिसत नाही, उलट त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला.

आता सांगा, यात संशय घेण्यासारखं काय होतं? नियतकालिक नावाजलेलं, नामवंत डॉक्टर लेखक, आकडे डोळे दिपवणारे. विश्वासार्ह माहिती ओळखण्याच्या ज्या याद्या फिरत असतात ना, त्यातल्या कुठल्याही यादीत हा निबंध पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाला असता.

तो अडकला ऑस्ट्रेलियात.

(स्क्रीनवर दोनच आकडे: ७३ आणि ६७)

निबंधात ऑस्ट्रेलियातली पाच रुग्णालयं होती आणि २१ एप्रिलपर्यंतचे त्यांतले मृत्यू होते ७३. 'गार्डियन'च्या तिथल्या पत्रकारांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची नोंद काढली. त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशातले कोविडमृत्यू ६७. म्हणजे पाच रुग्णालयांत देशापेक्षा सहा माणसं जास्त दगावली होती! डेटा पुरवणारी कंपनी म्हणाली, आशियातलं एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात धरलं गेलं. मग मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर कंपनी त्या देईना. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. त्याच कंपनीच्या डेटावरचा 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला निबंधही त्याच दिवशी गेला.

आणि गंमत बघा. दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीनं आपला निकाल सांगितला. रुग्णालयात दाखल असलेल्या १५४२ जणांना हे औषध दिलं होतं, ३१३२ जणांना नेहमीचेच उपचार. औषधानं मृत्यू कमी झाले नव्हते. म्हणजे औषधाचा उपयोग नाही, हे खरंच निघालं. पण म्हणून आधीचा निबंध खरा ठरत नाही. उत्तर बरोबर आलं तरी गणित खोटं असू शकतं.

तेव्हापासून माझी सवय बदलली. आरोग्याचा कुठलाही दावा समोर आला की 'हे कुणी सांगितलं?' हा प्रश्न मी दुसरा विचारतो. पहिला प्रश्न: हे मोजलं कुणी, आणि ती मोजणी मला बघता येते का?

मोजणीपर्यंत जायचं म्हणजे उलटा प्रवास. बातमीतून संस्थेच्या निवेदनाकडे, निवेदनातून निबंधाकडे, निबंधातून त्यातल्या तक्त्याकडे. बऱ्याचदा दोन पावलांतच कळतं की बातमीत 'सिद्ध झालं' आहे आणि निबंधात 'संबंध असू शकतो' आहे. चॅटबॉटला विचारलंत तरी तेच: लिंक मागा आणि ती उघडा. उघडलेल्या पानावर भलताच विषय निघाल्याचं मी पाहिलंय.

साथींच्या बाबतीत मी आधी जातो जागतिक आरोग्य संघटनेच्या 'डिसीझ आउटब्रेक न्यूज'कडे. भाषा रुक्ष आहे, पण किती रुग्ण, त्यातले प्रयोगशाळेत खात्री झालेले किती, संशयित किती, हे तिथे वेगळं लिहिलेलं असतं. बातमीत हे दोन्ही आकडे एकाच पिशवीत जातात.

मग अमेरिकेच्या सीडीसीचं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचं साप्ताहिक, एमएमडब्ल्यूआर. ५ जून १९८१ च्या अंकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची छोटीशी नोंद आली. तोवर त्यातले दोघे गेले होते. 'एड्स' हा शब्दही तेव्हा नव्हता. तो लेख आजही उघडून वाचता येतो, आणि वाचाच. पाच रुग्णांवरून जेवढं म्हणता येईल तेवढंच म्हटलंय, एक शब्द जास्त नाही.

अर्थात सरकारी संस्थेवर सरकारची सावली पडते, कधी हलकी, कधी गडद. म्हणून मी एका देशावर थांबत नाही. ब्रिटनची आरोग्य सुरक्षा संस्था काय म्हणते, युरोपचं रोग प्रतिबंध केंद्र काय म्हणतं, हे बाजूबाजूला ठेवून बघतो. तिघांचे शब्द वेगळे असले तर हरकत नाही. आकडेच वेगळे असले, तर व्याख्या वेगळी आहे की मोजणी, ते शोधायचं.

उपचारांबद्दल प्रश्न असेल तर कॉक्रेन. एखाद्या विषयावरच्या चाचण्या गोळा करून, त्यातल्या कच्च्या कुठल्या आणि पक्क्या कुठल्या हे तपासून, एकत्रित निष्कर्ष काढायचा, हे काम ही संस्था १९९३ पासून करते. प्रत्येक परीक्षणाबरोबर सोप्या भाषेतला सारांश असतो. 'पुरावा पुरेसा नाही' हे उत्तर तिथे वारंवार भेटतं. सुरुवातीला वैताग यायचा. आता त्या वाक्यामुळेच मला ती जागा आवडते.

पबमेडबद्दल मात्र एक गैरसमज दूर करतो. 'पबमेडवर आहे' म्हणजे खरं आहे असं नव्हे. ती वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची आहे, शिफारस नव्हे. १९९८ चा तो कुप्रसिद्ध निबंध घ्या, गोवरावरच्या लशीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा. १२ मुलांवरचा अभ्यास. २०१० मध्ये लॅन्सेटनं तो पूर्णपणे मागे घेतला. पबमेडवर तो अजून सापडतो.

(स्क्रीनवर: निबंधाचं पान, वरची सूचना मोठी करून)

फक्त त्याच्या डोक्यावर 'मागे घेतलेला निबंध' अशी ठळक इंग्रजी सूचना आहे. पण कुणी तुम्हाला त्या पानाचं कापलेलं चित्र पाठवलं, तर सूचना नेमकी कापलेल्या भागात जाते. म्हणून चित्रावर विसंबू नका, पान स्वतः उघडा. मेडआर्काइव्हवरचे निबंध तर तज्ज्ञ-परीक्षणाआधीचेच असतात, आणि ते तसं पानावरच स्पष्ट बजावतात. ते वाचू नयेत असं नाही. पण त्यावरून औषध बदलू नये.

आता आकड्यांकडे. इथे फसवायला खोटं बोलावंच लागत नाही.

ऑक्टोबर १९९५, ब्रिटन. औषधसुरक्षा समितीनं इशारा दिला: नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. आकडा खरा होता. पण दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? सात हजार स्त्रियांत एक होती, तिथे दोन. हे 'सात हजारांत' बातम्यांतून गळून पडलं आणि 'दुप्पट' तेवढं उरलं. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार जास्तीचे गर्भपात झाले असा अंदाज आहे. आणि गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! टक्का दिसला की त्याचा छेद शोधायचा, हे मी या गोष्टीवरून शिकलो. छेद दिलाच नसेल, तर ती माहिती अर्धी आहे असं धरून चालतो.

मोठ्या संस्था चुकत नाहीत का? चुकतात, आणि ठासून चुकतात. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं ट्वीट केलं की कोविड हवेतून पसरत नाही, आणि वर 'तथ्य' असा शिक्का. हवेतून होणाऱ्या प्रसाराची स्पष्ट कबुली यायला फार वेळ गेला. माझ्या मते तो वेळ महागात पडला. तरी मी त्यांचं पान बघणं सोडलेलं नाही, कारण कधी काय म्हटलं आणि कधी बदललं हे तारखेसकट शोधता येतं. जो माणूस कधीच काही बदलत नाही, जुना व्हिडिओ गुपचूप काढून टाकतो आणि शेवटी त्याच विषयावरची गोळी विकतो, त्याच्याबद्दल मी अधिक काही बोलत नाही.

आता माझीच एक चूक. एका साथीचा आलेख मी याच कॅमेऱ्यासमोर दाखवला होता. रोजचे नवे रुग्ण, शेवटच्या आठवड्यात सरळ उतार. मी छाती पुढे काढून म्हणालो, साथ ओसरली. दहा दिवसांनी तोच आलेख परत उघडला, तर त्याच तारखांचे खांब उंच झालेले!

(स्क्रीनवर: आलेखाचं उजवं टोक)

झालं असं होतं: तो आलेख माणूस आजारी पडला त्या तारखेनुसार होता. आज आजारी पडलेला माणूस दोन-तीन दिवसांनी डॉक्टरकडे जातो, मग नमुना, मग अहवाल, मग नोंद. त्यामुळे शेवटच्या काही दिवसांचे खांब कायम बुटकेच दिसतात, साथ चढती असली तरी. चांगल्या संस्था तो भाग राखाडी रंगवतात आणि खाली लिहितात, 'अलीकडची माहिती अपुरी.' त्या आलेखावरही ते लिहिलेलं होतं. मी ती ओळ कापून चित्र लावलं होतं.

तो व्हिडिओ मी काढलेला नाही. सुरुवातीलाच लाल पट्टीत दुरुस्ती आहे, तारखेसकट. आजच्या प्रत्येक आकड्याचं मूळ पान वर्णनात दिलंय. ७३ आणि ६७ पासून सुरुवात करा, आणि कुठे जुळलं नाही तर मला कळवा.